पानठेला, बांधी आणि सूप : सामान्य प्रेक्षकाच्या मतांचा एक विचार

नाटक, चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवरील मालिका यांविषयी ज्याला काहीच मत नाही असा मनुष्य शोधूनही सापडणे कठीण. एस.टी. स्थानकावर बसची वाट पाहताना, पानठेल्यावर सुपारी कातरली जात असताना, धानाच्या बांधीत रोवणी चालू असताना किंवा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, सर्वत्र ही मते ऐकू येतात. ‘पिक्चर कडक आहे’, ‘बकवास आहे’, ‘पैसा वसूल’, ‘उगाच लांबवली’ असे दोन-तीन शब्दांचे निकाल क्षणात लागतात आणि क्षणात विसरलेही जातात. दुसरीकडे आपल्या महाविद्यालयात ‘समीक्षा’ नावाचा एक स्वतंत्र विषय शिकविला जातो. त्यात रस, ध्वनी, औचित्य, सौंदर्य इत्यादींची चर्चा असते. पण पानठेल्यावरील प्रेक्षकाचे नाव त्यात कोठेही येत नाही. मग प्रश्न असा पडतो की, या सहज बोलण्याला समीक्षा म्हणावे काय? आणि म्हणू नये, तर त्याला काही किंमत आहे की ती केवळ वाऱ्यावरची वरात आहे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दिवाळीनंतरच्या मंडईपासून मी अशी मते एका वहीत टिपून ठेवण्यास सुरुवात केली. प्रत्येक मतापुढे चार गोष्टी लिहिल्या : मत कोणत्या कृतीविषयी आहे, सांगणाऱ्याचा उद्योग कोणता, मताला काही कारण दिले आहे काय, आणि मत कोणासमोर सांगितले. चौथा रकाना मी केवळ सोयीसाठी ठेवला होता. परंतु वही भरत गेली तसतसा तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. त्याविषयी पुढे येईलच.

भरतमुनींचा प्रेक्षक

सामान्य प्रेक्षकाच्या मताला शास्त्रात स्थान नाही, ही समजूत मुळात बरोबर नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे यशापयशाविषयी आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे? भरताचे उत्तर असे की, ते प्रेक्षकांवरून ओळखावे. त्याने मानुषी सिद्धीचे वाणीने प्रकट होणारी आणि शरीराने प्रकट होणारी असे दोन प्रकार केले. पहिल्यात स्मित, अर्धहास, अतिहास, तसेच ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ हे उद्गार येतात. दुसऱ्यात अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठणे, अंगावरील वस्त्र किंवा अंगठी नटाला देऊन टाकणे या गोष्टी येतात. आजचे ‘क्या बात है’, शिट्टी, ‘वन्स मोअर’ आणि रंगमंचावर पाठविलेली दहा रुपयांची नोट हे याच कुळातले आहेत, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

भरत येथेच थांबत नाही. नटांमध्ये वाद निर्माण झाल्यास निर्णय देण्यासाठी तो ‘प्राश्निक’ नेमावयास सांगतो. हे प्राश्निक दहा आहेत : यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. ही यादी प्रथम वाचताना चमत्कारिक वाटते. परंतु तिच्यामागील विचार साधा आहे. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणाऱ्यास विचारावे. धनुष्य ओढताना उभे राहण्याची ढब बरोबर आहे की नाही, हे धनुर्धराने सांगावे. राजाचा रुबाब राजाने पारखावा आणि प्रणयाचा अभिनय वेश्येने. अर्थात ज्याला ज्या कामाचा अनुभव, त्याला त्या कामाच्या चित्रणाविषयी बोलण्याचा अधिकार. केवळ पंडिताला सर्व कळते, असे भरत म्हणत नाही.

हे तत्त्व मान्य केले तर गोंदिया जिल्ह्यातील प्राश्निक कोण, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

कामाची कसोटी

माझ्या वहीतील बहुसंख्य सकारण मते याच प्रकारची आहेत. एका शेतकऱ्याने चित्रपटातील रोवणीचे दृश्य पाहून म्हटले, “बांधीत पाणी नाही, चिखल नाही, अन् परे पाहा कसे हिरवेगार!” नायिका ज्या रीतीने रोप खोचत होती, त्या रीतीने ते संध्याकाळपर्यंतही उभे राहणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. ट्रक चालविणाऱ्या एका गृहस्थाला नायक सरळ रस्त्यावरही चाकाचे सुकाणू सारखे डावी-उजवीकडे फिरवितो याचे हसू येत होते. एका बिडी वळणाऱ्या काकूंनी मालिकेतील गरीब घराचे वर्णन ऐकण्यासारखे केले : “घर गरिबाचं म्हणतेत, पण भांडी एक बी काळी नाही. चूल पेटतच नसन वो तिथं.”

२०२१ साली आलेला ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट मध्य प्रदेशच्या जंगलात चित्रित झाला आहे. वनाधिकाऱ्याची भूमिका विद्या बालन यांनी केली आहे. आपल्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. २०१३ साली त्याला हा दर्जा मिळाला. जंगलालगतच्या गावांतील माणसे उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूपाने तोडण्यासाठी पहाटेच जंगलात जातात. अशा एका बाईंनी मोबाईलवर हा चित्रपट पाहिला होता. वाघ पुरेसा दिसला नाही, ही शहरातील माझ्या मैत्रिणींची तक्रार होती. या बाईंना नेमकी तीच गोष्ट पटली. “वाघ दिसत नाही, त्याचा भेव दिसते. आमाले बी तसाच आहे,” असे त्या म्हणाल्या. दिग्दर्शकाने काय दाखविले नाही आणि का दाखविले नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. या वाक्याला समीक्षा म्हणावयाचे नसेल तर समीक्षेची व्याख्याच पुन्हा तपासावी लागेल.

येथे एक घरगुती उदाहरण देणे विषयाला धरून होईल. माझी माय तिसरीपर्यंत शिकलेली आहे. मी वर्गात अभिनयाचे चार प्रकार लिहून घेतले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्याच आठवड्यात मालिका पाहताना तिने काढलेले तीन उद्गार माझ्या वहीत आहेत. “हिचा राग खरा नाही, हात ढिले आहेत.” “निजताना बी झुमके घालते का ही?” “रडते, पण गळा भरून नाही आला.” पहिला आक्षेप आंगिक अभिनयावर आहे, दुसरा आहार्यावर आणि तिसरा सात्त्विकावर. तिला ही नावे ठाऊक नाहीत. मला नावे ठाऊक होती, परंतु नटीचे हात माझ्या लक्षात आले नव्हते. शास्त्राने नाव दिले म्हणजे डोळा मिळतोच असे नाही, आणि नाव नसले म्हणजे डोळा नसतो असेही नाही.

भाषेची कसोटी

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २०१६ ते २०२१ या काळात चालली. तिची नायिका राधिका ही नागपूरकडील. तिची भूमिका अनिता दाते यांनी केली. नवऱ्याने फसविल्यावर ती रडत न बसता मसाल्याचा व्यवसाय उभा करते. मराठी मालिकांत विदर्भाची बोली बहुधा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी येते, असा आपल्याकडील प्रेक्षकांचा अनुभव. येथे ती नायिकेच्या तोंडी, आणि तीही प्रतिष्ठित वेळेच्या मालिकेत, दररोज ऐकू येऊ लागली. या मालिकेविषयी आपल्या भागात आजही दोन मते आहेत आणि दोन्ही तितक्याच तावातावाने मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, “आपली भाषा टीव्हीवर आली, हेच खूप झाले.” दुसरा पक्ष म्हणतो, “असे नागपुरात कोण बोलते? सगळ्या वाक्यांत ‘बाप्पा’ घातले म्हणजे वैदर्भी होत नाही.”

मला दुसरे मत अधिक अभ्यासपूर्ण वाटते. विदर्भाची बोली एक नाही. वऱ्हाडी निराळी, नागपुरी निराळी, आणि आपली झाडीबोली त्याहून निराळी. आपल्याकडे ‘ण’ चा ‘न’ होतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण लकब, हेल आणि आदराचा ‘जी’ हे लिहून दाखविता येत नाही. झाडीबोलीच्या अभ्यासासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केलेले कार्य प्रसिद्ध आहे. परंतु ज्यांनी तो अभ्यास वाचलेला नाही, त्या प्रेक्षकांचा कानही ‘ही आपली नव्हे’ हे ताबडतोब ओळखतो. त्यात पुन्हा गोंदिया हे सीमेवरचे गाव. बाजारात हिंदी, घरी पोवारी, शेजारी छत्तीसगढी, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि महाविद्यालयात प्रमाण मराठी, अशी आपली रोजची तऱ्हा. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेल्या या हिंदी चित्रपटातील मुलांची भाषा ऐकून एका विद्यार्थ्याने दिलेले मत असे : “पहिल्यांदा वाटले की, हे लोक आम्हाला हसत नाहीत, आम्ही त्यांच्यासोबत हसतो.” हसणे आणि हसे होणे यांतील फरक याहून नेमका सांगता येईल असे मला वाटत नाही.

झाडीपट्टीचा रोख हिशेब

प्रेक्षकाचे मत कलेवर किती परिणाम करते, याचे प्रत्यक्ष उदाहरण पाहावयाचे असल्यास झाडीपट्टी रंगभूमीकडे वळले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत नाटकांचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांच्या मातीत ही रंगभूमी वाढली. मंडई किंवा शंकरपट असेल त्या दिवशी गावात पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री नाटक होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. मधल्या काळात पट थांबले, पण नाटके थांबली नाहीत. पाहुण्यांना दिवसा पाहावयास पट नव्हता तरी रात्री नाटक होतेच. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण जाणतोच.

शहरी समीक्षक झाडीपट्टीच्या नाटकाला ‘भडक’ म्हणतात. हे मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. हे नाटक उघड्यावर, हिवाळ्याच्या रात्री, मोठ्या जनसमुदायापुढे रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. मागे बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोहोचला नाही तर तो उठून चहाच्या दुकानाकडे जातो, आणि एक उठला की दहा उठतात. म्हणून आवाज चढा, म्हणून भावना ठळक, म्हणून गंभीर प्रवेशानंतर विनोद आणि विनोदानंतर गाणे. या रचनेचा अर्धा लेखक प्रेक्षकच आहे. येथे मत देण्यासाठी वृत्तपत्र लागत नाही. उठून जाणे हे मत, बसून राहणे हे मत, नोट देणे हे मत. शिवाय पुढील वर्षी त्या मंडळीला बोलवावयाचे की नाही, हे गाव ठरविते. एका गावातील आयोजकांपैकी एकाने मला सांगितले, “गेल्या साली लोकं तीन वाजता उठले, म्हणून यंदा कंपनी बदलली.” इतका रोखठोक हिशेब कोणत्याही समीक्षकाच्या हाती नसतो.

दूरचित्रवाणीची गोष्ट याच्या उलट आहे. पूर्वी प्रेक्षक पत्र लिहीत. रेडिओच्या काळात ‘बिनाका गीतमाला’ आणि विविध भारती यांना गावोगावहून फर्माइशीची पत्रे जात. आज झारखंडात असलेले झुमरी तिलैया हे गाव तर केवळ अशा पत्रांमुळे देशाला ठाऊक झाले. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका चालली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. या मालिकेच्या काळात सुमारे ४ लाख पत्रे आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. आज पत्रांची जागा मीटरने घेतली. देशभरातील निवडक घरांत यंत्रे बसविलेली असतात आणि त्या घरांत कोणती वाहिनी किती वेळ चालू होती, यावरून मालिकेचे गुणांकन ठरते. यंत्राला वाहिनी कळते. बोलणे कळत नाही. “थोबाड तीनदा दाखवतेत, अन् गोष्ट तिथंच,” असे म्हणत जी बाई पोळ्या लाटता लाटता रोज अर्धा तास मालिका पाहते, ती यंत्राच्या दृष्टीने समाधानी प्रेक्षक ठरते. दररोज एक भाग तयार करण्याच्या घाईमुळे मालिका लांबते, लांबते म्हणून बाई चिडते, आणि तिची चीड कोठेही पोहोचत नाही. झाडीपट्टीचा प्रेक्षक उठून जाऊ शकतो. घरातील बाई उठून कोठे जाणार? स्वयंपाक तेथेच असतो.

मतांचे दोष

येथवर वाचून सामान्य प्रेक्षकाचे प्रत्येक मत ग्राह्य आहे, असा समज होऊ नये. वहीतील पुष्कळशी मते टाकाऊ आहेत आणि त्यांची कारणेही स्पष्ट दिसतात.

पहिला दोष भक्तीचा. ‘झुंड’ पाहून एक जण नाराज होता, कारण अमिताभ बच्चन यांनी एकही ठोसा मारला नाही. तो चित्रपट पाहावयास गेलाच नव्हता. बच्चन पाहावयास गेला होता. आवडत्या नटाचे सर्व चांगले आणि दुसऱ्याचे सर्व वाईट, हे मत कृतीविषयी नसून स्वतःच्या गटाविषयी असते.

दुसरा दोष नट आणि भूमिका यांची गल्लत करण्याचा. निळू फुले यांनी पडद्यावर असे खलनायक उभे केले की, बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत; प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले सामाजिक कार्यकर्ते होते. याची दुसरी बाजूही आहे. १९८७-८८ साली ‘रामायण’ मालिका घराघरांत पाहिली गेली. पुढे १९९१ साली सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठातून लोकसभेवर निवडून आले. २०२४ साली रामाची भूमिका करणारे अरुण गोविल मेरठमधून निवडून आले. राम आणि रावण दोघांनाही मते मिळाली, यावरून गल्लत केवळ सज्जनाच्या भूमिकेपुरती नसते, असे दिसते.

तिसरा दोष आकड्यांचा. ‘किती कोटी कमावले’ हे आज मत म्हणून सांगितले जाते. तिकिटे किती खपली हे निर्मात्याच्या जमाखर्चाला उपयोगी. त्यावरून चित्रपट मला का आवडला हे कळत नाही.

चौथा दोष झुंडीचा. न पाहिलेल्या चित्रपटावर बहिष्काराचे संदेश मोबाईलवर पुढे पाठविले जातात. हेही नवीन नाही. भरताने प्रयोगाच्या विघ्नांत शत्रूंनी केलेल्या उपद्रवांची नोंद केली असून त्यात आरडाओरड, शेण, मातीची ढेकळे आणि मुंग्या फेकणे यांचा उल्लेख आहे! दोन हजार वर्षांत साधने बदलली. मुंग्यांच्या जागी संदेश आले, एवढेच.

चौथा रकाना

आता ‘मत कोणासमोर सांगितले’ या रकान्याकडे येते. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. चित्रपट पाहिला तो नंतर, दूरचित्रवाणीवर. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर चित्रपटगृहांत लोक नाचले, हे मोठी माणसे अजून सांगतात. त्याच चित्रपटाच्या शेवटी संगीत नाही. आर्ची आणि परशा यांचे काय झाले ते दिसते आणि लहान मूल रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. या चित्रपटाविषयी मत विचारले असता प्रत्येक जण गाण्यांपासून सुरुवात करतो. शेवटाविषयी विचारले की, आधी इकडेतिकडे पाहतो.

एका मुलीचे मत मी दोनदा टिपले. वडीलधाऱ्यांसमोर ती म्हणाली, “पळून गेल्यावर दुसरे काय होणार?” दोन दिवसांनी बोअरिंगवर पाणी भरताना, कोणी नसताना, ती आपणहून म्हणाली, “आर्ची बुलेट चालवते ना, ते मला सगळ्यात जास्त आवडलं.” थोड्या वेळाने तिने जोडले, “तिला मारायला नको होतं.” एकाच प्रेक्षकाची ही दोन मते. यांतील खरे कोणते? मला वाटते, दोन्ही खरी आहेत. पहिले मत तिच्या घराचे आहे, दुसरे तिचे आहे. पानठेल्यावर ज्या मुलांनी ‘सैराट’वर तासभर चर्चा केली, त्यांतील कोणालाही आवाज खाली आणावा लागला नाही, तेथून निघून जावे लागले नाही. पानठेल्यावर मुली उभ्या राहत नाहीत. मीसुद्धा ती मते बसची वाट पाहताना दुरूनच ऐकली. म्हणून ‘लोकांना काय आवडले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ‘मोठ्याने बोलू शकणाऱ्यांना काय आवडले’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

बायकांची समीक्षा अस्तित्वात नाही असे मुळीच नाही. ती सुपाकाठी आहे, रोवणीच्या रांगेत आहे, नळावर आहे. शिवाय तिचे एक निराळे कार्य आहे. ज्या गोष्टी स्वतःच्या नावाने बोलता येत नाहीत, त्या पात्राच्या नावाने बोलता येतात. “राधिकानं नवऱ्याला घराबाहेर काढलं, बरं केलं,” असे बिड्या वळता वळता एक बाई म्हणते तेव्हा घोळक्यातील दुसरी बाई मान खाली घालून तेंदूपान कातरत राहते, आणि तिसरी म्हणते, “टीव्हीवर जमते ते.” या तीन प्रतिक्रियांत एका मालिकेची समीक्षा आहे आणि तीन संसारांची हकीकतही आहे. कोणी कोणास काही विचारले नाही. पण सर्वांना सर्व कळले. मालिका भिकार असेल, लांबलेली असेल, तिच्यातील भांडी कधी काळी होत नसतील. तरी तिच्या आडून हे बोलता आले. कलाकृतीचे मूल्यमापन करताना हा उपयोग कोणत्या रकान्यात मांडावयाचा, हा प्रश्न मी आपल्या गुरुजनांपुढे नम्रपणे ठेवते.

उपसंहार

सारांश, सामान्य प्रेक्षकाचे मत म्हणजे संपूर्ण समीक्षा नव्हे. त्याला इतिहास ठाऊक नसतो, तुलना अपुरी असते, भक्ती आणि झुंड यांचा संसर्ग त्याला लवकर होतो. परंतु कामाची पारख, बोलीचा कान आणि जगण्याशी घातलेला मेळ या तीन गोष्टी त्याच्याजवळ आहेत, आणि नेमक्या याच गोष्टी पुस्तकी समीक्षेत अनेकदा दुर्मीळ असतात. म्हणून ‘आवडला’ या शब्दाला तुच्छ न मानता त्यापुढे ‘का?’ एवढा एकच शब्द जोडावा. विचारल्यावर माणसे कारण देतात, आणि कारण दिले की मताची समीक्षा होण्यास सुरुवात होते.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरातून महाविद्यालयात आलेले पहिलेच आहेत. येथे आल्यावर घरच्या माणसांच्या आवडीनिवडी सांगण्याचा आपणास संकोच वाटू लागतो. कॅन्टीनमध्ये इंग्रजी मालिकेचे नाव सांगितले जाते आणि झाडीपट्टीच्या नाटकाचे सांगितले जात नाही, जरी रात्रभर जागून ते पाहिलेले असले तरी. या संकोचाने आपण अधिक सुशिक्षित होत नाही. फक्त एका मोठ्या आणि नोंद न झालेल्या समीक्षेचे आपण वारस आहोत, हे विसरतो.

एक सूचना करून लेख संपविते. यंदाच्या मंडईत आणि नाटकांच्या हंगामात मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा प्रेक्षकांची मते लिहून आणावीत. नाव लिहू नये; गाव, उद्योग, कारण, आणि मत कोणासमोर दिले, हे मात्र अवश्य लिहावे. निम्मी मते बायकांची असावीत, आणि ती मुलींनी, बायका जेथे बसतात तेथे जाऊन घ्यावीत. पुढील वर्षीच्या अंकात त्यांना चार पाने मिळाली तरी पुरे. माझी वही विभागात ठेवण्यास मी तयार आहे. तिची मागची पाने अजून कोरी आहेत.